पाठमोरी तुमार

पक्ष्याच्या शेपटीचे फोटो काढणाऱ्या माणसाला बुरुल फोटोग्राफर मानतच नसे. ‘बुडाचे फोटो’ असं ती तोंडावर म्हणायची, मग समोर राजधानी बिश्केकहून आलेला कुणी बडा माणूस का बसलेला असेना. गरुड निघून गेल्यावर मागून कुणीही बटण दाबेल, त्याला काय अक्कल लागते? तो अंगावर येत असताना, त्याची नजर तुमच्यावर खिळलेली असताना, डोळ्यातलं बुबुळ लख्ख पकडायचं, दोन्ही पंखांची टोकं चौकटीत बसवायची आणि हात हलू द्यायचा नाही, याला म्हणायचं फोटो. सरोवराच्या या दक्षिण काठावर तसा फोटो काढणारी बाई एकच होती, आणि ती कोण हे सांगताना बुरुलला कधी लाजबिज वाटली नाही.

आता बढाई म्हणाल तर होतीच, पण पोकळ नव्हती. तिने काढलेल्या गरुडांनी कॅलेंडरं भरली होती, विमानतळाच्या भिंतीवर त्यातला एक पंख पसरून बसला होता. लोक विचारायचे, कसं जमतं बाई तुला? ती म्हणायची, “मला बघितलं की तुमार निघतेच. दुसऱ्या कुणाकडे ती अशी बघत नाही.”

तुमार ही इशेनबाय आबाकेंची गरुड मादी. आबाके म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मारायची हाक, पण या गावात नुसतं आबाके म्हटलं की इशेनबायच. गरुड घेऊन शिकार करणारे त्यांच्या पिढीतले आता तेवढेच उरले होते. बाकीचे एक तर वारले होते किंवा रस्त्याकडेला दुर्बीण विकत बसले होते.

फोटोची रीतही सगळी ठरलेली. सरोवराकडच्या उतारावर बुरुल आपला पांढरा नमदा, लोकर दाबून केलेली जाड चटई, अंथरायची आणि त्यावर पालथी पडायची. तिच्या मागे दोन-चार पावलांवर आबाके चामड्याचा हातमोजा चढवून उभे, मुठीत सशाच्या मांसाचा तुकडा. समोरच्या टेकडीवर कुणीतरी तुमारच्या डोळ्यांवरचं टोपडं काढलं की आबाके हाक घालायचे. ती डोंगर ओरबाडून काढावा तशी हाक ऐकली की तुमार झेपावायची, जमिनीला पोट घासत यायची आणि शेवटच्या क्षणी बुरुलच्या डोक्यावरून वर उठून आबाकेंच्या मुठीवर उतरायची. तेवढ्यात बुरुलचा कॅमेरा धडाधड चाललेला. असं किती हिवाळे चाललं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

या हिवाळ्यात मात्र एक गडबड झाली. कोल्ह्याशी झालेल्या झटापटीत तुमारचं शेपटीतलं मधलं पीस मोडलं. आबाकेंनी ते स्वतः सांधलं. मोडक्या पिसाचा दांडा कापला, एका कोवळ्या गरुडाचं गळालेलं पीस घेतलं, मधे लाकडाची बारीक सळई सरसात बुडवून घातली, आणि दोन दिवस तुमारला अंधारात ठेवून तिच्या उशाशी बसून राहिले. पीस पक्कं बसलं. फक्त कोवळ्या गरुडाचं म्हणून ते वरच्या अर्ध्यात पांढरंशुभ्र होतं, आणि तुमारची बाकी शेपटी मातकट काळी.

बुरुलला ते पीस डोळ्यांत खुपायचं. तुमार उतरायला शेपटी फुलवायची की चेहऱ्याच्या मागून ते पांढरं डोकावायचंच. तिने काय केलं, तर संगणकावर बसून ते काळं करून टाकलं. एका फोटोत नाही, हिवाळ्यातल्या सगळ्या फोटोंत.

आबाकेंनी त्यातला एक फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला होता.

“माझं पीस कुठे गेलं गं?”

“रंग दिला त्याला आबाके. वाईट दिसत होतं.”

“असं होय,” म्हातारा म्हणाला. “मी आपला सळई तासत बसलो. आधी सांगायचंस, एवढा रंगाचा डबा आणला असता.”

त्यांची बायको ऊलजान अपा चुलीपाशी इतकी हसली की कणकेचे बोरसोक तळता तळता तेल उडालं तिच्या हातावर. बुरुलही हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

सरोवराकाठचे जर्दाळू फुलले तेव्हा आबाके म्हणाले, “तुमारला सोडणार.”

बुरुलच्या हातातली चहाची वाटी तोंडाशीच थांबली. सोडायचं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पिलू म्हणून धरलेली गरुड मादी आठ-दहा हिवाळे माणसाबरोबर शिकार करते, मग ऐन वसंतात तिला डोंगरात सोडायची, म्हणजे जोडी जमेल, घरटं बांधेल. रीतच आहे ती. पण कुणाचीतरी रीत वेगळी आणि आपली तुमार वेगळी.

“एवढ्यात का? एक हिवाळा अजून...”

“गेल्या वर्षीही मी हेच म्हणालो होतो. माझे गुडघे काय म्हणतात ते मला विचार. घोड्यावर चढताना ऊलजान खालून ढकलते.”

“आणि पलीकडून पडले तर उचलायलाही मीच जाते,” अपा म्हणाली.

दारात आबाकेंचा पुतण्या मेदेर टेकून उभा होता. रस्त्याला लागून त्याचे चार तंबू होते, उन्हाळ्यात पाहुणे उतरायचे. वाईट मुलगा नव्हता, पण त्याची नजर तुमारवर होती. रस्त्याकडेला एक आडवं लाकूड त्याने रोवूनही ठेवलं होतं, त्यावर तिला बांधायची, आणि येणाराजाणारा तिला हातावर घेऊन फोटो काढणार. पलीकडच्या गावात एका गरुडाचं तेच झालं होतं. दिवसभर टोपडं घाल, टोपडं काढ, या हातावरून त्या हातावर. उन्हाळा संपेतो त्याचे पंख लोंबायला लागले होते.

“आबाके, नीट बोलून घेऊ,” मेदेर म्हणाला. “सोडलीत आणि ती परत आली तर?”

“माणसाकडे परत आलेला गरुड पुन्हा जात नाही. दुसऱ्यांदा सोडायची रीत नाही.”

“तेच म्हणतो मी. मग ती माझी.”

आबाकेंनी चहाचा घोट घेतला. “परत आली तर तुझी. मी तर तिला आता सांभाळू शकत नाही.”

“बुरुल एजे, तू साक्षीदार हं,” मेदेर म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला एजे म्हणायचा.

“साक्षीदार कसली? ती येत नाही परत,” बुरुल फटकारून म्हणाली. “तुझ्या तंबूचा वास तिला तिकडे सरोवरापलीकडे येतो.”

मेदेर हसत हसत निघून गेला. मग आबाकेंनी बुरुलला जवळ बसवलं आणि ती गोष्ट मागितली, जी आजवर त्यांनी कुणाकडे मागितली नव्हती.

त्यांच्या घराण्यात सोडणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. तुमारला दगडावर बसवायची, पायातल्या वाद्या कापायच्या, बकऱ्याचा वाटा तिच्यापाशी ठेवायचा, आणि पाठ फिरवली की फिरवली. बघणाऱ्याच्या तोंडून हाक निघून जाते आणि गरुड मागे फिरतो, असं त्यांचे वडील सांगायचे. वडिलांनी आपले गरुड जाताना बघितले नाहीत, आजोबांनी बघितले नाहीत.

“इतकी वर्षं मी तिला येतानाच बघतोय,” आबाके म्हणाले. “कायमची जाताना कशी दिसते, मला ठाऊकच नाही. तुझ्या त्या यंत्राला काही रीतभात नाही. तू काढ.”

“जाताना?”

“जाताना. मागून.”

म्हणजे बुडाचा फोटो! बुरुलला हसूच आलं असतं, पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून तिने ते गिळलं. “काढते की,” ती म्हणाली. “हे काय सांगायचं काम आहे?”

“खाली ओढ्याकाठी जुनिपरचं झुडूप आहे ना, त्याच्या आड बस. दिसू नकोस.”

“बरं.”

बरं म्हणाली, पण मनात हिशेब वेगळाच सुरू झालेला. तुमारला शेवटची बघायची, ती काय झुडपाआडून? शेपटीचा फोटो तर काय, निघेलच. पण त्याआधी एक, एकच, तिचा मोकळा चेहरा. पायात वाद्या नाहीत, मागे हातमोजा नाही, मांसाचा तुकडा नाही. आपल्या मर्जीने उडणारी तुमार. तो फोटो जगात कुणाकडे नव्हता. आणि तो काढायचा तर बुरुलनेच, दुसरं कोण आहे?

पक्षी वाऱ्याच्या तोंडावर झेप घेतो, हे काही तिला शिकवायला नको होतं. सकाळी खिंडीतून खाली वारा सुटतो. म्हणजे दगडाच्या वरच्या अंगाला उतारावर पडलं की तुमार उडताना समोरच असणार. आधी चेहरा, मग डोक्यावरून गेली की वळून शेपटी. दोन्ही. म्हातारा खूश, आपणही खूश. तिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

सोडण्याआधी आबाकेंनी तुमारला पोटभर खाऊ घातलं, इतकं की तिची गळ्याची पिशवी लोंबायला लागली. भुकेला गरुड माणूस शोधतो, भरल्या पोटाचा डोंगर शोधतो. आणि काळजी तरी किती! आपला घोडा नको, तो तिच्या ओळखीचा, म्हणून शेजाऱ्याची तांबडी घोडी आणली. आपला कोट नको, म्हणून मेदेरचं निळं जाकीट घातलं. ते त्यांना इतकं तोकडं होतं की ऊलजान अपाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. आपली कोल्ह्याची टोपी नको. डोंगरात तोंडातून शब्द काढायचा नाही. ओळखीचं म्हणून तिला काही दिसता कामा नये.

सगळ्याचा विचार झाला. बुरुलचा कुणी केला नाही, आणि बुरुलने तर मुळीच नाही.

उजाडताच ती पुढे चढली होती. ओढ्याकाठच्या जुनिपरकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. उतारावर जागा धरली, बर्फ वितळून जमीन ओली होती म्हणून पांढरा नमदा अंथरला, पालथी पडली, लांबलचक काळी लेन्स दगडावर टेकवली. ऊन तिच्या पाठीशी होतं. वारा खिंडीतून खाली, अगदी हवा तसा. बोटं गार पडली होती, ती तिने काखेत दाबली. आज आपल्या हातून चुकणं शक्यच नाही, असं तिला वाटत होतं, आणि तसं ते वाटणं तिचं रोजचंच.

तांबडी घोडी वर आली. आबाकेंचं सगळं लक्ष मुठीवरच्या तुमारकडे, वरच्या उताराकडे त्यांनी बघितलंच नाही. आबाके उतरले. त्यांना उतरायला बराच वेळ लागला, कारण खालून धरायला अपा नव्हती. त्यांनी तुमारला सपाट दगडावर बसवलं. चाकू काढला, एक वादी कापली, दुसरी कापली. बकऱ्याची छाती शेजारी ठेवली. मग दोन्ही हातांनी टोपडं काढलं, आणि ते काढताना त्यांचा अंगठा तिच्या कपाळावरून फिरला. लेन्समधून बुरुलला तो अंगठा दिसला. तिने फोटो घेतला नाही. का कोण जाणे, नाही घेतला.

आबाके वळले, एका धोंड्यावर पाय देऊन कसेबसे घोडीवर चढले आणि खाली निघाले. मान ताठ. निळं जाकीट झुडपांमधून खाली खाली गेलं आणि कड्याआड दिसेनासं झालं.

तुमार तशीच बसून. तिने बकऱ्याच्या छातीकडे बघितलं, पाय बघितले, एक पाय उचलून परत ठेवला. वाद्या नव्हत्या, ते तिला विचित्र वाटत असावं. अंग झाडलं. मग वाऱ्याकडे तोंड केलं.

“ये,” बुरुल ओठांतल्या ओठांत म्हणाली. “ये माझ्या राणी.”

आणि तुमार आली!

झेप घेतली, दोन फटके मारले आणि जमिनीला पोट घासत, सरळ रेषेत, बुरुलवर नजर लावून. चौकटीत ती भराभर मोठी होत होती. पंखांची दोन्ही टोकं आत. डोळ्यात उन्हाचा ठिपका. असा प्रकाश, असा वारा, असा चेहरा बुरुलच्या आयुष्यात एकत्र आला नव्हता. तिचं बोट बटणावर गेलं. ऊर नुसता भरून आला होता. मला बघितलं की तुमार निघतेच, म्हणत होते की नाही मी!

तेवढ्यात तुमारचे पाय खाली आले.

ते बुरुलने शेकडो वेळा बघितलं होतं. मुठीवर उतरायच्या आधी ती पाय असे सोडते. आज मागे मूठ नव्हती. मागे कुणीच नव्हतं. मग ही उतरतेय कुठे?

हिला घोडा नको, कोट नको, टोपी नको, हाक नको. हिला पांढरा नमदा दिसला, त्यावर काळा डोळा दिसला, आणि तो जिथे असतो तिथे मागे मांस असतं, हे ती पिलू असल्यापासून शिकली होती. शिकवलं कुणी? बुरुलने. हिवाळ्यामागून हिवाळे, त्याच नमद्यावर पडून. तुमार माझ्याकडे बघते म्हणे! तुमार बघत होती सशाच्या तुकड्याकडे.

हे सगळं लिहायला वेळ लागतो, तिला लागला नाही. बोट बटणावर होतं. नुसतं दाबायचं. दाबलं असतं तरी कुणाला कळलं असतं? पण एक पंखाचा फटका अजून, आणि तुमार तिच्या पाठीवर उतरणार होती, म्हणजे माणसाकडे परत आली, म्हणजे उद्यापासून मेदेरच्या लाकडावर.

बुरुल ताडकन उठली. कॅमेरा बाजूला पडला. तिने अंगाखालचा नमदा दोन्ही हातांनी ओढला आणि तुमारच्या तोंडासमोर फडकावला.

“हुस्स! जा! चल नीघ!”

तुमारने हवेतच शेपटी फुलवली, एका पंखावर कलली आणि बुरुलच्या कानावरून गेली. पंखाचा वारा गालाला लागला. मागच्या खडकावर ती उतरली, वळली आणि मान तिरकी करून बुरुलकडे बघत राहिली. नमदा इथेच आहे, ही बाई इथेच आहे, मग म्हातारा कुठे गेला? असाच चेहरा होता तिचा.

“नाहीये तो!” बुरुल ओरडली. “नाहीये इथे, मूर्ख कुठली! जा ना!”

तुमार हलली नाही. बुरुलने खडा उचलला. हात आखडला. मग दुसरा उचलला आणि भिरकावला, खडकाच्या जरा खाली. तुमार नुसती एक पाऊल सरकली. बुरुलला आठवतील तेवढ्या शिव्या तिने दिल्या, बाजारातल्या, घोड्याला घालायच्या, नवऱ्याला घातलेल्या. देता देता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिने खडे थांबवले नाहीत. एक खडा तुमारच्या पायापाशी टणकन आदळला. तेव्हा ती उडाली, थोडी वर जाऊन गोल फिरली, आणि पुन्हा या उताराकडेच कलली.

मग बुरुलचं डोकं ठिकाणावर आलं. ओरडून काही होणार नव्हतं. नमदा दिसतोय आणि लेन्स दिसतेय तोवर ही जाणार नाही. तिने नमदा गुंडाळून काखेत मारला, कॅमेरा अंगातल्या कोटाखाली घातला, काळं टोकसुद्धा बाहेर दिसू दिलं नाही, आणि खाली धावत सुटली. घसरली, कोपर फुटलं, उठली, ओढ्यापर्यंत आली आणि पहिलं जे झुडूप दिसलं त्याच्या आत शिरली. नमदा तिने चिखलात उलटा दाबला. मग खाली बसली.

बसल्यावर तिला कळलं की हे जुनिपरचं झुडूप आहे. म्हाताऱ्याने सांगितलेलं.

फांद्यांमधून आभाळाचा एक तुकडा दिसत होता. तुमार त्यात आली, गेली, परत आली. रिकाम्या उतारावर तिने दोन घिरट्या घातल्या. शोधत होती. बुरुलने श्वास धरला. कॅमेरा कोटाखाली होता आणि हात त्यावर. आता काढला की ती बघणार. तिचं तोंड इकडे आहे तोवर काढायचाच नाही. आणि पाठ फिरवली तर ती किती वेळ दिसेल, देव जाणे.

ऊन चढलं तसा खडकांवरून गरम वारा वर उठायला लागला. तुमारच्या पंखांखाली तो आला असावा, कारण तिने फटके मारायचं सोडून दिलं. वर चढली, आणखी वर. एकदा खाली बघितलं. मग खिंडीच्या माथ्याकडे, जिथे ऊन पेटलं होतं, तिकडे तोंड केलं.

पाठमोरी झाली.

बुरुलने कॅमेरा बाहेर काढला. नमदा नव्हता, लेन्स टेकवायला दगड नव्हता. तिने कोपर गुडघ्यावर दाबलं, फुटलेलंच कोपर, आणि बटण दाबलं. एकदाच दाबता आलं. पुढच्या क्षणी तुमार माथ्यापलीकडे होती.

घरी पोचली तेव्हा आबाके पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. निळं जाकीट अजून अंगातच होतं. ऊलजान अपाने ताट वाढून ठेवलं होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. मेदेर दारातच होता, एक डोळा आभाळावर.

“आली का गं?” त्याने विचारलं.

“तुझं जाकीट परत घे आणि ते लाकूड चुलीत घाल,” बुरुल म्हणाली. “ती गेली.”

मेदेरने तिच्या चिखलाने भरलेल्या कपड्यांकडे आणि रक्ताळलेल्या कोपराकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजला. “बरंच झालं,” तो हळूच म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं असावं, कारण नंतर त्याने ते लाकूड खरंच उपटून टाकलं.

बुरुल आबाकेंसमोर बसली. तिने काही लपवलं नाही. जुनिपर सोडून वर कशी गेले, का गेले, नमदा बघून ती कशी आली, खडे कसे मारले, सगळं एका दमात सांगून टाकलं. म्हातारा ऐकत राहिला. खड्यांपाशी आल्यावर त्याने डोळे मिटले.

“लागला का तिला एखादा?”

“नाही.”

“नेम चांगला धरत नाहीस, ते बरं आहे.” त्यांनी हात पुढे केला. “दाखव.”

तिने कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा उजळला आणि त्यांच्या हातात दिला. चेहरा नव्हता त्यात, डोळा नव्हता. वर पंख पसरलेली एक पाठ, माथ्याची कड आणि पलीकडे ऊन. शेपटी पूर्ण उघडलेली, आणि बरोबर मधे ते एक पीस, ज्यातून ऊन आरपार आलं होतं. बाकी सगळी तुमार काळी, आणि ते पांढरं पीस दिव्यासारखं पेटलेलं. इतकं जीव ओतून बसवलेलं की दोन्ही बाजूंच्या पिसांना ते चिकटून, सरळ, वाऱ्यात जराही न वाकता.

“बसलंय की नीट,” आबाके म्हणाले.

“पक्कं बसलंय.”

“रंग देशील का त्याला?”

“नाही आबाके.”

“देऊ नकोस. शरदात तिची पिसं गळतील, हेही गळेल. मग खालून बघून कुणालाच ओळखू यायची नाही, मलासुद्धा.” त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. “तोवर तिच्या शेपटीत माझं एक पीस आहे.”

अपाने चहा ओतला, तो गार झाला, तिने तो फेकून दुसरा ओतला. खुंटीवर रिकामा हातमोजा लटकत होता. आबाके मान चोळत होते, एका हाताने, आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा सोडायला तयार नव्हते.

“द्या आता, तिला घरी जायचं असेल,” अपा म्हणाली. “कोपर धुवायला हवं पोरीचं.”

“थांब गं जरा,” म्हातारा म्हणाला. “वाटभर मान वळू नये म्हणून ताठ धरून आलोय. दुखतेय नुसती. आता पोटभर बघू दे.”